बायकांचा चढ

सुखाचा जीव दुःखात घालणं ही म्हण आमच्या शेजाऱ्यांना बघूनच कोणीतरी केली असावी, असं माझं बरीच वर्षं ठाम मत होतं. आम्ही युटामध्ये डोंगराच्या पायथ्याशी राहतो आणि आमच्या गल्लीतली बहुतेक घरं मॉर्मन लोकांची आहेत. माणसं अतिशय सज्जन. बर्फ पडला की आपल्या दारापुढचा काढता काढता आमचाही काढून टाकतात, आणि आभार मानायला मी दार उघडते तोवर तिसऱ्या घरी पोचलेली असतात. पण दर चार वर्षांनी उन्हाळ्यात हीच शहाणी माणसं एक वेडेपणा करतात. आपल्या वयात आलेल्या पोरापोरींना जुन्या काळचे कपडे घालतात, त्यांचे फोन काढून घेतात आणि माळरानावर नेऊन तीन दिवस हातगाड्या ओढायला लावतात.

हातगाडी म्हणजे आपल्या भाजीवाल्याची नव्हे. दोन मोठी लाकडी चाकं, त्यांच्यावर एक उथळ खोका आणि पुढे आडवा दांडा. त्या दांड्याच्या आत उभं राहायचं आणि छातीने-हातांनी तो रेटत चालायचं. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी यांचे पूर्वज असे या डोंगरांपर्यंत आले. कोणी धर्मापायी गावातून हुसकावलेले, कोणी समुद्र ओलांडून आलेले. बैल घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून माणसांनीच संसार ओढला. थंडीने, तापाने, उपासाने वाटेत पुष्कळ गेले. त्यांच्या हालांची आठवण नव्या पिढीला राहावी म्हणून हा खटाटोप.

माझी आजी विदर्भात रस्त्याच्या कामावर खडी फोडायची. तिची आठवण म्हणून आम्ही नातवंडं सुट्टी काढून तीन दिवस खडी फोडायला गेलो असतो, तर तिने तीच हातोडी घेऊन आमच्या पाठी लागायला कमी केलं नसतं. आमच्या घरात हाल सोसून संपवायची रीत होती, जपून ठेवायची नव्हती. वडील तर विषयच निघू द्यायचे नाहीत. “झालं ते झालं, तू अभ्यास कर,” म्हणायचे. मी केला, आणि त्या अभ्यासाच्या जोरावर विमानात बसून, ट्रेमधलं जेवत इथवर आले. यात ओढण्यासारखं काही नव्हतं, चाकांची सूटकेस सोडली तर.

हे सगळं मी माझ्या शेजारणीला तोंडावर सांगितलेलं आहे. ती नुसती हसायची. पंधरा वर्षांची आमची ओळख. ती शाळेच्या लायब्ररीत काम करते. चहा-कॉफी तिच्या धर्मात चालत नाही, म्हणून मी तिच्यासाठी पत्ती न घालता गवती चहा आणि आलं उकळते. थंडीत कुंडी घरात आणून तो गवती चहा मी जगवते तो केवळ तिच्यासाठी, नाहीतर माझ्या हातून तुळसही जगत नाही.

तिची खापरपणजी अशीच हातगाडी ओढत आली होती. वाटेत तिचा नवरा तापाने गेला. सकाळी त्याला वाळूत पुरलं आणि दुपारी खापरपणजीने गाडीचा दांडा उचलला. एवढीच गोष्ट. दर जुलैमध्ये त्यांच्या जेवणाच्या टेबलावर ती सांगितली जाते आणि पोरांना ती पाढ्यांसारखी पाठ असते. मीही दोन-तीनदा ऐकली आहे. ऐकताना मला त्या बाईचं कौतुक वाटायचं, आणि मग मी पुन्हा बटाटे वाढून घ्यायचे.

मागच्या फेब्रुवारीत शेजारणीचा नवरा झोपेतच गेला. मोठा, ढगळ, हळवा माणूस होता. कुत्र्याला इंजेक्शन दिलं तरी याच्या डोळ्यांत पाणी यायचं. चर्चमधल्या बायका लगेच धावून आल्या. भांड्यांच्या तळाला नावाच्या पट्ट्या चिकटवून, चीज घालून भाजलेले बटाटे घेऊन आल्या आणि फ्रीज भरून गेल्या. जी ती तिला मिठी मारून सांगत होती, तू कणखर लोकांची लेक आहेस. सगळ्या मनापासून सांगत होत्या. तिने ते जरा जास्तच मनावर घेतलं.

ती रडली नाही. आठवडाभरात कामावर गेली. महिन्याभरात नवऱ्याचे कपडे घड्या करून देऊन टाकले, गॅरेज आवरलं. “मी ठीक आहे,” हे इतक्या नीटनेटकेपणाने म्हणायची की पुढे काही विचारायला जागाच नसे. फक्त चेहरा उतरत चालला, आणि माझ्याकडे आली की गवती चहा कपात तसाच गार व्हायचा. मी न राहवून म्हटलं, “अगं, जरा रड की.” तर म्हणाली, “खापरपणजीने दुपारी दांडा उचलला होता. माझ्याकडे तर घर आहे, नोकरी आहे.” मला त्या खापरपणजीचा पहिल्यांदा राग आला. मेलेल्या बाईवर रागावून काय उपयोग, पण आला खरा.

तिची सोळा वर्षांची मुलगी दुपारी शाळेतून थेट माझ्याकडे यायला लागली. माझा मुलगा तिच्या आईला काकू म्हणतो, ते ऐकून ऐकून ती मला काकूच म्हणते. आमच्या डायनिंग टेबलावर वही उघडून बसायची आणि काहीच लिहायची नाही. एकदा वर न बघता म्हणाली, “काकू, आई बाबांचं नावच काढत नाही. तिला काही वाटलंच नाही.” मी म्हटलं, “असं नसतं गं.” ती म्हणाली, “तुला काय माहीत? तू तिच्या घरात नसतेस.” ते बरोबर होतं. त्या घरातून एक माणूस गेला होता, आणि आता उरलेल्या दोघी एकमेकींच्या हातून निसटत होत्या, एकाच छपराखाली, अगदी सभ्यपणे.

त्यात या उन्हाळ्यात हातगाड्यांची पाळी आली. मुलगी जाणारच होती. दहा-बारा पोरांचं एक कुटुंब करतात आणि त्यांना मा आणि पा म्हणून एक जोडपं देतात. शेजारीण आणि तिचा नवरा यांचं नाव वर्षभर आधीच ठरलं होतं. आता चर्चच्या मुख्य माणसाने तिला म्हटलं, या खेपेला राहू दे. ती म्हणाली, मी शब्द दिलाय. मग तो म्हणाला, निदान जोडीला कोणीतरी घे. तिने मला विचारलं.

“मी तुमच्या धर्माची नाही,” मी म्हटलं. “मी बुद्धवंदना म्हणणारी बाई.”

“मी विचारून घेतलंय. चालेल म्हणाले.”

“आणि ते टोपडं मी घालणार नाही.”

“उन्हासाठी असतं ते.”

माझ्या नवऱ्याला सांगितलं तर तो लॅपटॉप बंद करून माझ्याकडे बघत राहिला. “तू? ट्रेकला? ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये तुला लांबचा स्पॉट चालत नाही यार.”

“तिच्यासाठी जातेय. एकटी कशी सोडू?”

“जा, जा. नी-कॅप पॅक कर. आणि प्लीज, तिथे कोणाशी आर्ग्यू करू नकोस.”

“मी कशाला आर्ग्यू करेन?”

त्याने छताकडे बघितलं.

तर अशी मी लांब घागरा, ॲप्रन आणि टोपडं घालून त्या माळावर उभी राहिले. टोपडं घातलंच, कारण सकाळी नऊलाच डोकं तापलं होतं. आमच्याकडे ते सहा महिन्यांच्या बाळाला घालतात, आणि मी पन्नाशीची. आरसा नव्हता हे एक बरं होतं. सगळीकडे करड्या रंगाची खुरटी झुडपं, उग्र वासाची, आणि पिठासारखी धूळ. गाडीला हात लावल्यावर कळलं की ती सपाटीवरही आपणहून चालत नाही, प्रत्येक पावलाला तिला समजवावं लागतं. पोरं मात्र मजेत होती. फोन नाहीत म्हटल्यावर पहिल्या तासात कावरीबावरी झाली, दुसऱ्या तासात गाणी म्हणायला लागली. हे आपल्याला आवडतंय की काय, अशी मलाच शंका यायला लागली.

प्रत्येकाने एका पूर्वजाचं नाव चिठ्ठीवर लिहून ॲप्रनला टाचायचं होतं. जो चालत आला त्याचं. मी माझ्या आजीचं लिहिलं. ती चालून कुठेच पोचली नव्हती, रस्ता करत होती फक्त. पण एका पोरीने मला विचारलं, ही कोण, आणि मी सांगायला लागले तर ऐकायला चार-पाच जणी जमल्या. आजीबद्दल इतकं मी माझ्या मुलालाही कधी सांगितलं नव्हतं. बरं वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी मात्र मी घोळ घातला. कुठल्याही लेकराला प्रवासाला पाठवायचं म्हणजे बरोबर शिदोरी द्यायची, यात विचारण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. मी दोन दिवस खपून धपाटे आणि दशम्या केल्या होत्या. एका पोराला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे हे कळल्यामुळे चटणी जवसाची केली होती. सगळं आमच्या हातगाडीत पिठाच्या पोत्याखाली ठेवलं होतं. जेवणाला प्रत्येकाला वाटीभर पातळ सूप आणि एक पाव मिळाला. पोरांनी प्रार्थना केली, पाव दोन घासांत संपवला आणि हिरमुसून बसली. म्हटलं, काहीतरी गडबड झालेली दिसते, सामान यायचं राहिलं असेल. मी पदर खोचल्यासारखा ॲप्रन खोचला आणि गाठोडं सोडलं.

वाऱ्यासारखी बातमी पसरली. दुसऱ्या कुटुंबांतली पोरंही हळूच येऊन मागे उभी राहिली. मी वाढत होते, तेवढ्यात ट्रेकचा प्रमुख आला. उंच, शांत, पांढऱ्या दाढीचा माणूस. टोपी काढून म्हणाला, “सिस्टर, फार छान वास येतोय. पण आजची भूक मुद्दाम ठेवलेली आहे.”

“मुद्दाम?”

“त्यांना आठवण राहावी म्हणून.”

“उपाशी राहून आठवण राहत असती, तर आमच्याकडच्या लोकांना काहीच विसरता आलं नसतं,” मी म्हटलं.

तो चिडला नाही. ही माणसं चिडत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडणात मजा येत नाही. जरा विचार करून म्हणाला, “वाढायला घेतलंच आहे, तर आता परत घेता येणार नाही.” आणि अर्धं धपाटं स्वतःही घेतलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्याला हे सांगायचं नाही असं मी ठरवून टाकलं.

शेजारणीला मी दोन दशम्या दिल्या होत्या. तिने त्या पोरांना देऊन टाकल्या आणि सूपही अर्धंच घेतलं. मुलगी समोर बसून ते बघत होती. मग ती उठून दुसऱ्या कुटुंबात जाऊन बसली. शेजारणीने ते पाहिलं, आणि वाट्या गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी बायकांचा चढ होता. हा त्यांच्यात सगळ्यात मोठा मानला जातो. मूळ प्रवासात काही पुरुष सैन्यात बोलावले गेले, काही वाटेत मेले, आणि मग गाड्या बायकांनीच ओढल्या. म्हणून एका उंच, रेताड चढापाशी सगळे पुरुष आणि मुलगे आधी निघून जातात. वर जाऊन वाटेच्या दोन्ही बाजूंना रांगेत उभे राहतात, टोप्या हातात घेऊन. बोलायचं नाही. कितीही वाटलं तरी गाडीला हात लावायचा नाही. बायका आणि मुली त्यांच्यामधून गाड्या ओढत नेतात. चार वर्षांपूर्वी तिचा मोठा मुलगा, जो आता दूर कॉलेजात असतो, या वयाचा असताना शेजारणीचा नवरा त्या रांगेत होता. वरच्या बाजूला उजवीकडे एक जुनं जुनिपरचं झाड आहे, त्याच्या शेजारी. “इतका रडला,” ती मला सकाळी म्हणाली, “की टोपी तोंडावर धरावी लागली त्याला.” हे ती हसत सांगत होती. प्रमुखाने तिला बाजूला घेऊन विचारलं होतं, आज थांबतेस का? ती म्हणाली, का थांबू?

मी बाजूला थांबणार होते, गुडघ्यांमुळे. पण तिचा चेहरा बघून मागे ढकलायला गेले. दांड्याच्या आत ती आणि तिची मुलगी, बाकीच्या मुली बाजूंना, मागे मी. आमची गाडी सगळ्यांत पुढे. सुरुवातीला निभलं. मग रेती लागली आणि चाकं अर्धी आत गेली. ती शांतता फार वाईट होती. चाळीस-पन्नास पुरुष दोन्हीकडे उभे, आणि ऐकू येत होता तो फक्त आमचा श्वास आणि चाकांची करकर. एकेका मुलाचे हात नुसते वळवळत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

जुनिपरचं झाड जवळ आलं. त्याच्या शेजारी कोणी उभं नव्हतं. मुद्दाम जागा सोडली होती की आपोआप सुटली होती, मला अजून माहीत नाही.

गाडी थांबली. मला वाटलं चाक अडकलं, म्हणून मी जोर लावला, आणि मग दिसलं की शेजारणीने दांडा खाली ठेवलाय. ती त्या झाडाकडे बघत होती. “तिथे कोणी नाहीये,” ती म्हणाली. साध्या आवाजात. मग पुन्हा म्हणाली, मोठ्याने. मग ती त्या रेतीत बसली आणि ओरडून रडायला लागली, टोपडं मागे पडलेलं, नाक गळतंय, तोंड वेडंवाकडं. तो हवाय मला, म्हणत होती. तो का नाहीये तिथे, म्हणत होती. फेब्रुवारीपासूनचं सगळं एकदम बाहेर आलं.

प्रमुखाने रांगेतून एक पाऊल पुढे टाकलं. मी हात वर केला. का केला, सांगता येत नाही. स्वतःही तिला उचलायला धावले असते मी, पण नाही धावले. तो थांबला आणि पाऊल मागे घेतलं.

मुलगी दांड्याच्या आत तशीच उभी होती. आईकडे अनोळखी बाईकडे बघावं तशी बघत होती. मग ती खाली बसली.

“मला वाटलं तुला काही वाटतच नाही,” ती म्हणाली.

“मला वाटलं मी बसले तर तू पडशील.”

“मी केव्हाचीच पडलेय, आई.”

शेजारणीने तिला ओढून मांडीवर घेतलं, सोळा वर्षांच्या लांबलचक पोरीला, आणि दोघी एकमेकींना धरून रडल्या. मी मागे चाकाला दगड लावून उभी होते आणि माझंही तोंड ॲप्रनमध्ये होतं. डोळे पुसून खाली बघितलं, तर मागच्या सगळ्या गाड्या थांबलेल्या. कोणी सांगितलं नव्हतं, पण मुलींनी आपापले दांडे खाली ठेवले होते आणि त्या चढावर जिथल्या तिथे बसल्या होत्या. सगळा चढ बसलेल्या बायकांचा, आणि दोन्ही बाजूंना टोप्या धरून उभे असलेले पुरुष. कोणी घड्याळ बघितलं नाही. कोणी घसा खाकरला नाही. इतकं सुंदर मी या देशात दुसरं काही पाहिलेलं नाही.

केव्हातरी तिने नाक पुसलं आणि मला म्हणाली, “तुझ्याकडचं काही उरलंय का खायला?” एक दशमी खिशात होती, धुळीने माखलेली. दोघींनी वाटून खाल्ली. मग त्या उठल्या, आम्ही गाडी वर नेली, आणि मागच्या सगळ्या आल्या.

सूर्य मावळताना शेकोटीभोवती सगळे जमले. ज्याच्या घरात गोष्ट असेल त्याने ती सांगायची असते. शेजारणीची पाळी आली तेव्हा मला धास्ती वाटली. ती उठली, मुलगी तिच्या हाताला धरून शेजारी. तिने खापरपणजीची गोष्ट सुरू केली, नेहमीच्याच शब्दांत. ताप, सकाळ, वाळूतला खड्डा. पोरं ऐकत होती. दुपारी तिने गाडीचा दांडा उचलला, असं म्हणून ती थांबली. संपली म्हणून पोरं हलायला लागली होती.

“सकाळ आणि दुपार यांच्या मधलं आमच्या घरात कोणी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मला वाटतं ती बसली असणार. खूप वेळ. आणि बाकीच्या गाड्या तिच्यासाठी थांबल्या असणार. नाहीतर ती त्या माळावर मागे राहिली असती, आणि आम्ही दोघी आज इथे नसतो.”